सव्वीस झाडांची तहान

टेकडीच्या पायथ्याशी एक दगडी चर्च होतं. गावातले लोक त्याला देऊळच म्हणत. देवळाला होती घंटा, घंटेला होता दोर, आणि रोज सकाळी त्या दोराला लोंबकळायची एक नऊ वर्षांची मुलगी. तिचं नाव सलोमी.

सलोमीच्या फ्रॉकला तीन ठिगळं होती. एक निळं, एक पिवळं आणि एक उपासना चालवणाऱ्या पाळकसाहेबांच्या जुन्या पडद्याचं, गुलाबी फुलांचं. पायांत चप्पल नव्हती. हातांवर फोड होते, कारण घंटा वाजवून झाली की ती विहिरीवर जायची, पोहरा सोडायची आणि दात-ओठ खाऊन पाणी शेंदायची. घरासाठी दोन कळश्या. मग झाडांसाठी तेरा कळश्या आज, आणि तेरा उद्या. देवळाच्या आवारात सव्वीस झाडं होती आणि त्यांना पाणी घालणारी ही एवढीशी एकटी पोर.

ती झाडं तिच्या बाबांनी लावली होती. बाबांचं नाव शांतवन. ते देवळाचे शिपाई होते. रविवारची उपासना आटोपली की ते टेकड्या हिंडायचे आणि खिसे भरून बिया आणायचे. चपट्या बिया, गोल बिया, पंख असलेल्या इवल्या इवल्या बिया. एका जातीचं एकच झाड, अशी त्यांची बाग होती. पळस, पांगारा, मोह, सालई, बिब्बा, भोकर, शिवण, चारोळी.

"डोंगरातलं एकेक झाड दिसेनासं व्हायला लागलंय बाळे," ते म्हणायचे. "हितं एकेक तरी राहू दे. शाळेतली पोरं बघायला येतील. बांगड्यावाली चाँदबी टोपली टेकवून घडीभर बसंल. वाटेनं जाणारा कोणीबी येऊ दे. फाटकाला कुलूप लावायचं नाही."

कुलूप कुठलं, त्या फाटकाला साधी कडीसुद्धा नव्हती.

बाबांनी सव्वीस खड्डे खणले तेव्हा खणायला कोणी आलं नाही. रोपं लावायच्या दिवशी मात्र अख्खी मंडळी आली, इस्त्रीचे कपडे घालून आली. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ एक झाड घेतलं, कोणी आजोबांच्या, कोणी बहिणीच्या. गाणं झालं, प्रार्थना झाली, फोटो झाले. प्रत्येक झाडापाशी पांढरीशुभ्र पाटी बसली. पाटीवर सोनेरी अक्षरं, पाटीभोवती सिमेंटचा चकचकीत काठ. झाड बोटाएवढं आणि पाटी ताटाएवढी! मग मंडळी घरी गेली ती गेलीच.

नाही, चुकले. यायची की! आपापल्या माणसाच्या स्मरणदिनाला यायची. येताना तांब्याभर पाणी आणायची आणि ते पाणी पाटीवर ओतायची. रुमालाने पाटी पुसायची, अक्षरं लखलख चमकली की मान हलवायची आणि निघून जायची. ओतलेलं पाणी सिमेंटच्या काठात उन्हाने सुकून जायचं. वीतभर पलीकडे झाडाची तहानलेली मुळं असायची. त्यांना पाण्याचा नुसता आवाज मिळायचा.

गेल्या पावसाळ्यात सलोमीचे बाबा तापाने गेले. त्यांच्या नावाची पाटी कोणी बसवली नाही. सव्वीस झाडांना पंचवीस पाट्या होत्या. विहिरीजवळचा बुटका कुसुंब बाबांनी सगळ्यात शेवटी लावला होता, आणि तो कोणी घेतला नव्हता. सलोमीने बिस्किटाच्या डब्याचं झाकण घेतलं, खिळ्याने त्यावर कोरलं, 'शांतवन', आणि ते वाकडंतिकडं झाकण तारेने त्या कुसुंबाच्या काठीला बांधलं. त्याची पाळी असली की शेवटची कळशी ती तिथे घालायची, आणि झाकणावरून तर रोजच हळूच बोट फिरवायची.

परीकथांमधल्या गरीब मुली गोड असतात, मऊ असतात. कोणी बोललं की त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी येतं. सलोमी तशी नव्हती, त्याला मी काय करू? सलोमीला राग यायचा. नाकाच्या शेंड्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत राग यायचा. कळशी उचलताना यायचा, पाट्या बघताना यायचा. आणि मला विचाराल, तर तिचा राग अगदी बरोबर होता.

ईस्टरनंतरचा रविवार होता. ऊन असं तापलं होतं की देवळाच्या पायऱ्यांवर पाय ठरत नव्हता. उपासना संपत आली आणि सेक्रेटरी याकोबराव आठवड्याच्या सूचना वाचायला उभे राहिले. सोनेरी काडीचा चष्मा, पांढराफेक सदरा. देवळाची सगळी व्यवस्था त्यांच्या हातात.

"मंडळी," ते म्हणाले, "आपल्या देवळाला यंदा शंभर वर्षं होतायत. मोठा मंडप घालायचाय. त्याला जागा पाहिजे. मागच्या आवारात त्या काटक्या उभ्या आहेत, त्यातल्या निम्म्या तर मेल्यात. येत्या रविवारी उपासनेनंतर आपण सगळे बघू. ज्याला पान नाही, ते काढून टाकायचं."

"ती मेलेली नाहीत!"

सगळ्यांच्या माना वळल्या. शेवटच्या बाकाजवळ सलोमी उभी होती, मुठी आवळून.

"ती झोपलीत. पळस, पांगारा, सालई, सगळी उन्हाळ्यात पानं टाकतात. बाबांनी सांगितलंय. नखानं साल जराशी खरवडली की आत हिरवं दिसतं. तुम्ही कधी बघितलंय का खरवडून?"

कोणी तरी खुदकन हसलं. मग आणखी कोणी. याकोबराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "रत्नमाला, पोरीला आवर."

सलोमीची आई देवळाची झाडलोट करायची. घंटेच्या मागची एवढीशी खोली त्यांना राहायला दिलेली होती. आईने सलोमीचा हात ओढून तिला खाली बसवलं. "गप गं माझे बाई," ती कानात म्हणाली. "खोली जाईल आपली."

सलोमी बसली. पण आत उकळत होती. मागच्याच रविवारी याच मंडळींनी गळा काढकाढून गायलं होतं, की थडगं रिकामं आहे, मेलेला उठला आहे. आणि यांना झोपलेलं झाड आणि मेलेलं झाड ओळखता येत नाही!

दुपारी सगळं गाव दारं लोटून पडलं. सलोमी आवारात गेली. तिच्या हातात पिण्याच्या पाण्याचा तांब्या होता. विहीर खोल गेली होती आणि तिच्या हातांत आता पोहरा ओढायचं बळ नव्हतं, म्हणून आईने तिच्यासाठी ठेवलेलं पाणी ती घेऊन आली होती. सालईचं रोप तिच्याएवढंच होतं. पान नाही, कळी नाही, नुसती राखाडी काठी. शेजारी पाटी मात्र झगझगत होती.

सलोमीने तांब्या सालईच्या मुळाशी रिकामा केला. मग तिने पाटीला लाथ घातली.

"आई गं!"

अंगठ्यातून रक्त आलं. पाटीला काहीच झालं नाही.

"लाथा कोण मारतंय? दुपारची जरा झोप म्हणून नाही माणसाला!"

आवाज बारीक होता, पण चांगलाच तापलेला. सालईच्या खोडावर डिंकाचा एक थेंब होता, मधासारखा पिवळा. तो थरथरला, फुगला, आणि टप्पकन उघडला. आतून एक परी बाहेर आली. खारीच्या शेपटीएवढी. पंख डिंकाचे, आरपार, सोनेरी, आणि त्यांच्यातून ऊन गाळून खाली येत होतं. झगा कोवळ्या पालवीचा, तांबूस, हिरवट, काठाला चंदेरी लव. केसांत चारोळीची चिमुकली फुलं. सगळीकडे धुपाचा मंद वास पसरला. आणि या एवढ्या गोजिरवाण्या परीच्या कपाळावर आठ्याच आठ्या होत्या.

"तू रागावलीस?" सलोमीने विचारलं.

"तीन वर्षं रागावलेय!" परी म्हणाली. "सालईची परी मी. माझ्याभोवती सिमेंट ओततात, माझ्यासमोर दगडाला आंघोळ घालतात, आणि मी तहानलेली! तुझे बाबा होते म्हणून जगले. आता तू आहेस म्हणून जगतेय. आपल्या तोंडचं पाणी मला घातलंस ना आत्ता?"

सलोमीने मान हलवली.

"म्हणून तुला तीन मागण्या मिळतील," परी म्हणाली, आणि तिचा आवाज जरा निवळला. "पण नियम ऐक, सोने. जे तुझ्या हातांनी होतं, ते मागायचं नाही. झाडाला त्याच्या वेळेआधी काही करायला लावशील, तर त्याचा त्रास झाडालाच होईल, तुला नाही. आणि दुसऱ्या कोणासाठी काही मागशील, बरं किंवा वाईट, तर ते आधी तुझ्यावर येईल आणि मग त्याच्यावर जाईल."

सलोमीला दम कुठला! तिच्या डोळ्यांसमोर येता रविवार होता.

"पळसाला पानं येऊ देत. आत्ताच्या आत्ता!" ती म्हणाली. "याकोबरावांच्याच वडलांच्या नावाचा आहे तो. त्यांना दिसू दे!"

"दुसरा नियम ऐकलास ना?"

"ऐकला. येऊ देत!"

परीने सुस्कारा टाकून पंख झटकले. सोनेरी भुरभुर उडाली. आणि काय सांगावं! पळसाच्या वाळक्या काठीवर मऊ मऊ मखमली कोंब फुटले, उलगडले. तीन तीन पानांचे झुबके आले, पोपटी, ओले, उन्हात चमचमणारे. सलोमी टाळ्या पिटत नाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती धावत गेली. पानं माना टाकून लोंबत होती. दुपारपर्यंत ती तपकिरी झाली आणि बोट लावलं की चुरा व्हायला लागली. पळसाने मुळांत साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं पाणी त्या पानांत घातलं होतं. सलोमीने नखाने साल खरवडली. शेंड्याकडे आत हिरवं नव्हतं.

तेव्हा सलोमीला जो राग आला, तो स्वतःचा आला. आणि तो सगळ्यात वाईट असतो. तुम्हाला माहीत असेल.

ती रडत बसली नाही. तिने गोणपाट ओलं करून पळसाभोवती गुंडाळलं. वर जुन्या साडीची सावली बांधली. सकाळी एक कळशी, संध्याकाळी एक. मंगळवारी खरवडून बघितलं, तर बुंध्याशी हिरवं होतं. बुधवारी होतं. गुरुवारीही होतं. अगदी बारीक, दोऱ्याएवढं, पण होतं.

शनिवारी दुपारी याकोबराव दोन कुऱ्हाडी घेऊन आले आणि देवळाच्या भिंतीला लावून ठेवून गेले. जाताना त्यांना आपल्या वडलांच्या पाटीवर धूळ दिसली. त्यांनी सलोमीच्या भरलेल्या कळशीतलं पाणी ओंजळीने घेतलं, पाटीवर मारलं, रुमालाने पुसलं. गोणपाटात गुंडाळलेल्या पळसाकडे त्यांनी बघितलंही नाही.

सलोमी सालईपाशी गेली.

"परी, दुसरी मागणी. ज्यांनी ज्यांनी पाट्या लावल्यात, त्या सगळ्यांच्या घशाला आपापल्या झाडाची तहान लागू दे. झाड पाणी पिईल तेव्हाच ती भागू दे!"

परीच्या आठ्यांमध्ये हसू चमकलं. पण ती म्हणाली, "तिसरा नियम, सोने. आधी तुला. पंचवीसच्या पंचवीस तहाना एकट्या तुला."

"लागू देत," सलोमी म्हणाली.

आणि लागल्या! घसा वाळूचा झाला. जीभ टाळूला चिकटली. ती विहिरीकडे पळाली, पोहऱ्याला तोंड लावून घटाघटा प्यायली. काही उपयोग नाही! पाणी पोटात डुचमळत होतं आणि तहान होती तशीच. तेव्हा तिने कळशी भरली आणि शिवणीच्या मुळाशी ओतली. घशातला एक काटा निघाल्यासारखं वाटलं. मोहाला घातली, दुसरा निघाला. बिब्ब्याला घातली, भोकराला, चारोळीला. त्या दिवशी तेरा झाडांची पाळी होती, पण तिने पंचवीसही भिजवली. आई येऊन मुकाट्याने दोर ओढू लागली. सूर्य टेकडीला टेकला तेव्हा अर्ध्या वाळलेल्या पळसाची तेवढी अर्धी तहान उरली, बाकी सगळ्या गेल्या. सलोमी पायरीवरच झोपली, आणि आईने तिला उचलून नेलं.

रविवार उजाडला. घंटा वाजली. मंडळी आली. तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्याला बायकांच्या बाजूने पहिला आवाज बसला. मग पुरुषांच्या बाजूने दोन. मग एकेक करत सगळं गाणंच घशात अडकलं. पाळकसाहेब वेदीपाशी गोंधळून उभे राहिले. त्यांनी पाटी लावली नव्हती, त्यांना काही झालं नव्हतं.

"पाणी!" याकोबराव घोगऱ्या आवाजात म्हणाले. त्यांनी तांब्या संपवला. मग माठ संपवला. "पाणी! अरे, पाणी आणा कोणी तरी!"

सगळी मंडळी विहिरीवर धावली. इस्त्रीचे सदरे भिजले, साड्यांचे पदर चिखलात लोळले. जो तो पीत होता आणि कोणाचीच तहान जात नव्हती. म्हातारी माणसं भिंतीला धरून बसली.

सलोमी काठावर उभी राहून बघत होती. एक क्षणभर तिला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अगदी छान वाटलं. बसा आता! तीन वर्षं झाडं अशीच उभी होती.

पण काल ही तहान तिच्या स्वतःच्या घशात होती. कशी असते ते तिला कळलं होतं. त्या विहिरीच्या काठावर ते कळलेली ती एकटीच होती. आणि ते कळल्यावर नुसतं बघत उभं राहणं तिला जमेना.

"पिऊन नाही जायची!" ती ओरडली. "झाडाला घाला! आपापल्या झाडाला!"

लोक धावले. आणि काय केलं असेल त्यांनी? सवय हो, सवय! सगळ्यांनी पाणी नेऊन पाटीवर ओतलं. पंचवीस पाट्या लखलखल्या आणि पंचवीस घसे तसेच जळत राहिले.

"पाटीवर नको!" सलोमी पाय आपटत किंचाळली. तिचा चेहरा पांगाऱ्याच्या फुलासारखा लाल झाला होता. "मुळाशी! मुळाशी घाला! दगडाला तहान लागते का?"

मग पाणी मुळाशी गेलं. माती चुर्र वाजली. आणि इकडून एक 'हाऽऽ', तिकडून एक 'हाऽऽ' असे सुटकेचे आवाज यायला लागले. एक आजोबा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी नखाने शिवणीची साल हळूच खरवडली. "हिरवंय," ते म्हणाले. "अरेच्चा, खरंच हिरवंय!" कोणी पांगाऱ्याची खरवडली, कोणी बिब्ब्याची. सगळीकडे हिरव्या हिरव्या रेघा दिसल्या.

एकट्या याकोबरावांची तहान अर्धीच गेली. ते पळसाला कळशीमागून कळशी घालत होते. शेवटी ते मटकन खाली बसले.

सलोमी त्यांच्याजवळ गेली. "पळस अर्धा वाळलाय," ती म्हणाली. "तो मी वाळवला. मी त्याला वेळेआधी पानं आणायला लावली. म्हणून तुमची तहान जात नाही. रोज थोडं थोडं घालावं लागेल."

याकोबरावांनी तिच्याकडे बघितलं. मग तिच्या हातांकडे, हातांवरच्या फोडांकडे. पण त्यांनी काही म्हणायच्या आत मागून गलका सुरू झाला.

"माझं झाड हिरवं आहे. ते राहू द्या. ते शेजारचं काढा."

"आमचं कशाला? मंडपाला तुमच्या बाजूची जागा बरी!"

"आमच्या आजोबांचं नाव आहे त्यावर!"

"आणि आमच्या आजोबांना काय नाव नव्हतं?"

ऐकलंत? तहान भागली नाही तोच! हाडांची काडं करून एका माणसाने सव्वीस खड्डे खणले, आणि हे आपलं तेवढं राखून दुसऱ्याचं तोडायला निघाले. सलोमीला वाटलं आपण आता फुटणार. ती सालईपाशी धावली.

"तिसरी मागणी!" ती म्हणाली. "पुसून टाक. पाट्यांवरची सगळी नावं पुसून टाक! झाडांची स्वतःची नावं येऊ देत. मग बघू कोण म्हणतं माझं!"

परी या वेळी हसली नाही. ती उडत आली आणि सलोमीच्या नाकासमोर थांबली. "सोने," ती हळू म्हणाली, "आधी तुझं जाईल."

सलोमीने विहिरीकडे बघितलं. कुसुंबाला तारेने बांधलेलं ते झाकण वाऱ्याने टिणटिण वाजत होतं. बाबांच्या नावाची गावात तेवढी एकच खूण होती. तिला वाटलं, मागणी परत घ्यावी. तिला वाटलं, नवी चप्पल मागावी, आईला पक्कं घर मागावं आणि या सगळ्यांना जाऊ द्यावं खड्ड्यात. भिंतीला कुऱ्हाडी टेकलेल्या होत्या. त्यांची पाती चमकत होती.

ती कुसुंबापाशी गेली. तिने झाकणावरून बोट फिरवलं, रोज फिरवायची तसंच.

"पूस," ती म्हणाली.

बोटाखालचं 'शां' गेलं. मग 'त'. मग 'व', मग 'न'. झाकण कोरं झालं. सलोमी तिथेच बसली आणि मोठ्याने रडली. इतका वेळ नव्हती रडली, ते सगळं रडली. याकोबराव पळसापाशी बसले होते, तिथून त्यांना ते सगळं दिसलं.

तेवढ्यात उजेड झाला. भर दुपारच्या उन्हापेक्षा लख्ख उजेड! सालईच्या काठीतून सोनेरी, पांगाऱ्यातून लाल, मोहातून दुधाळ, बिब्ब्यातून शेंदरी, असे नाजूक नाजूक झोत निघाले आणि सगळ्या आवारावर रंगांचा चुरा भुरभुरला. पाट्यांवरची सोनेरी अक्षरं मुंग्यांसारखी चालायला लागली. सिमेंटचे काठ तडतड फुटले आणि पाण्याला मुळांकडे वाट झाली. उजेडाच्या मधोमध सालईची परी होती. तिच्या कपाळावर आता एकही आठी नव्हती.

"चांगल्या पोरीला कधी रागवायचं नाही असं कोणी सांगितलं, तर ऐकू नकोस हं," ती सलोमीच्या कानात म्हणाली. "आणि जे मागितलं नाहीस, ते तुला मिळेल. ते मी नाही देणार. हे देतील."

पंख मिटले. परी उजेड झाली, उजेड पानापानाएवढा झाला, मग ठिणगीएवढा, आणि मग धुपाचा वास तेवढा राहिला.

लोकांनी डोळे चोळून बघितलं. पाट्यांवर लिहिलं होतं, पळस. पांगारा. मोह. शिवण. बिब्बा. झाकणावर होतं, कुसुंब. आपलं कुठलं आणि दुसऱ्याचं कुठलं, हे पाट्या बघून कोणालाच सांगता येईना. आणि पाट्यांपलीकडे त्यांनी तीन वर्षांत काही बघितलंच नव्हतं! तेव्हा तोडायचं कुठलं, हा वादच मिटला. याकोबराव उठले, दोन्ही कुऱ्हाडी उचलल्या आणि घरी नेऊन ठेवल्या. मंडप शाळेच्या मैदानावर पडला.

मग पाण्याच्या पाळ्या लागल्या. सोमवारी या गल्लीची, मंगळवारी त्या गल्लीची. विहिरीला मोठा चाकाचा रहाट बसला आणि सलोमीच्या हातांवरचे फोड सुकले. रत्नमाला आता बागेची राखण करते, आणि घंटेमागच्या खोलीला लागून दोन खोल्या नव्या बांधल्यात. याकोबराव रोज संध्याकाळी येऊन पळसाला एक कळशी घालायचे. सलोमीच्या शिकवणीने घालायचे, हळू, मुळाशी. वैशाख संपता संपता बुंध्याजवळ एक कोंब आला आणि त्याला तीन पानं फुटली, बरोबर त्याच्या वेळेला. त्या दिवशी याकोबरावांची तहान पूर्ण गेली. पण त्यांनी यायचं सोडलं नाही.

एके सकाळी ते पाळकसाहेबांना आणि सलोमीला बोलावून म्हणाले, "शांतवनच्या नावाची पाटी लावू या. कुठल्या झाडाला लावायची, पोरी, तू सांग."

"कुठल्या झाडाला लावणार?" सलोमी म्हणाली. तिला पुन्हा राग आला होता. "खड्डे सगळेच त्यांनी खणलेत."

याकोबरावांनी खाली मान घातली. दुसऱ्या दिवशी ते रंगाचा डबा घेऊन आले आणि फाटकाच्या लाकडावर त्यांनी स्वतःच्या हाताने, जरा वाकड्या अक्षरांत लिहिलं:

'इथले सव्वीस खड्डे शांतवन यांनी खणले. आत या.'

ते फाटक आजही उघडंच आहे. त्याला कडी नाही. शाळेतली मुलं येतात, झाडांची नावं मोठमोठ्याने वाचतात, नखाने साल खरवडून हिरवं शोधतात. चाँदबी टोपली टेकवून कुसुंबाखाली बसते. सालईच्या खोडावर उन्हाळ्यात डिंकाचा एक थेंब चमकतो. आणि एखादं नवखं माणूस पाणी घालता घालता पाटी धुवायला लागलं, की विहिरीकडून एक आवाज कडाडतो, आणि झाडावरची पाखरं भुर्रकन उडतात.

"मुळाशीऽऽ!"